स्टिअरिंगवरच्या बटणांनी फोनमधली गाणी बदलणारं बिनतारी अडॅप्टर: घरी कसं बनवलं

घाटवाट

गाडीत बाहेरचा स्टिरिओ बसवला की स्टिअरिंगवरची बटणं बहुतेक वेळा निकामी होतात. मूळ स्टिरिओला जाणाऱ्या त्यांच्या वायरी मागे तशाच लोंबकळत राहतात आणि मेकॅनिक सांगतो, "साहेब, ह्या स्टिरिओत ते फंक्शनच नाही." माझ्या २००९च्या कोरोला ऑल्टिसमध्ये हेच झालं होतं. गाडी सेकंड हँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने साधा ऑक्सवाला स्टिरिओ बसवलेला होता. त्याचा आवाज मला आवडतो, त्यामुळे तो बदलायची इच्छा नव्हती. गाणी फोनमधून ऑक्स वायरने वाजतात. अडचण एवढीच की गाणं पुढे न्यायचं तर दर वेळी होल्डरमधल्या फोनकडे बघायचं आणि बोट लावायचं. पावसाळ्यात ताम्हिणीत धुकं असताना हे करणं जिवावर बेतू शकतं. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंद नजर हटली तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

बटणं जागेवर आहेत आणि त्यांच्या वायरी डॅशबोर्डपर्यंत आलेल्याही आहेत. मग ती थेट फोनशीच का बोलू नयेत? त्यासाठी हे अडॅप्टर बनवलं. आता ते रोजच्या वापरात आहे, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतो.

आधी बटणं कशी काम करतात ते पाहू. आठ बटणांसाठी आठ वायरी नसतात. एकाच वायरीवर प्रत्येक बटण वेगळ्या किमतीचा रेझिस्टर ग्राउंडला जोडतं आणि स्टिरिओ व्होल्टेज मोजून कुठलं बटण दाबलं ते ओळखतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ह्या वायरींना एयू१, एयू२ आणि ईएयू अशी नावं आहेत. ईएयू हे त्यांचं स्वतःचं ग्राउंड. एयू१ आणि ईएयूच्या मध्ये मीटर लावला तर काहीच न दाबता साधारण १०० किलोओहम दिसतात. पुढच्या गाण्याचं बटण दाबलं की जवळपास शून्य, मागच्याचं दाबलं की ३२९ ओहमच्या आसपास, आवाज वाढवायला १००० आणि कमी करायला ३११०. एयू२वर हीच शिडी, म्हणजे रेझिस्टरांची चढती मालिका, पुन्हा आहे, तिथे मोड आणि फोनची बटणं बसतात. माझ्या गाडीत मोजलं तेव्हा आकडे ह्याच पट्ट्यात आले.

मेंदू म्हणून ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर घेतला, जुना मूळ प्रकार, वरूम मॉड्यूलवाला बोर्ड. पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. त्यात ब्लूटूथ लो एनर्जी आहे, व्होल्टेज मोजायला १२ बिटांचा एडीसी आहे आणि तयार लायब्ऱ्या भरपूर आहेत. एयू१ जोडली जीपीआयओ ३४ ह्या पिनला, एयू२ जोडली ३५ला. ह्या दोन पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतून पुल-अप (वायर मोकळी असताना तिला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नाही, तो बाहेरून द्यावाच लागतो.

पुल-अप किती घ्यायचा ह्यावर मी बराच विचार केला, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. हातात येईल तो १ किलोओहम लावला, तर ३.३ व्होल्टवर ३११० ओहमचं बटण २.५ व्होल्टवर जातं. ईएसपी३२चा एडीसी २.४५च्या वर नीट मोजत नाही, वरच्या टोकाला त्याची रेषा वाकते. २.२ किलोओहम लावला की मागचं गाणं ०.४३, आवाज वर १.०३ आणि आवाज खाली १.९३ व्होल्टवर येतात, म्हणजे सगळी बटणं सरळ रेषेच्या भागात. शून्य ओहमचं बटण तळाला आणि मोकळी, म्हणजे काहीच न दाबलेली, अवस्था ३.२३वर. मोकळी अवस्था अचूक मोजली गेली नाही तरी काही बिघडत नाही. सीमा मी मधोमध ठेवल्या: ०.२१, ०.७३, १.४८ आणि वर २.५. पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर ब्लूटूथ प्रसारण सुरू असताना वाचन थरथरतं.

ग्राउंडसाठी बॉडीचा एखादा बोल्ट पकडू नका. बटणांची परतीची वायर ईएयू आहे, तीच ईएसपी३२च्या ग्राउंडला आणा. बॉडीच्या दोन जागांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो, आणि इथे तर पाव-अर्ध्या व्होल्टवर बटण ओळखायचं आहे.

फोनच्या बाजूने हे अडॅप्टर म्हणजे मीडियाची चार-पाच बटणं असलेलं ब्लूटूथ रिमोट. त्याला एचआयडी म्हणतात, कीबोर्ड आणि माउस ज्या पद्धतीने जोडले जातात तीच. त्यात 'कन्झ्युमर कंट्रोल' नावाचा भाग आहे. पुढचं गाणं म्हणजे बी५, मागचं बी६, थांबव-वाजव सीडी, आवाज वर ई९, खाली ईए, सगळे हेक्साडेसिमल. फोनमध्ये कुठलंही ॲप टाकावं लागत नाही. जे ॲप गाणं वाजवत असेल त्याला फोन स्वतःच हुकूम पोचवतो, म्हणून पॉडकास्टलाही तितकंच चालतं. आवाज ऑक्समधून जातोय की दुसऱ्या ब्लूटूथने, ह्याच्याशीही त्याचं देणंघेणं नाही.

वीज, प्रोग्रॅम आणि जोडणीबद्दल प्रश्न येतील तसं लिहितो.

जुना_वायरमन

चांगलं काम केलंत. मी कोल्हापुरात आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलं आहे, म्हणून दोन गोष्टी आधी सांगतो. नवीन मुलं वाचतील आणि सरळ स्टिअरिंग उघडायला बसतील.

स्टिअरिंगच्या मधल्या पॅडखाली एअरबॅग असते. तिच्या वायरींना पिवळं आवरण किंवा पिवळा कनेक्टर असतो. त्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही. ओहम मोजताना मीटर स्वतःचा थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅगचा स्फोटक भाग करंटनेच पेटतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून कंपन्यांच्या पुस्तिकेत काही मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं.

दुसरं म्हणजे स्टिअरिंगच्या आत काहीही नवीन बसवायचं नाही. छोटा सेल, छोटा बोर्ड, काहीही. एअरबॅग काही मिलिसेकंदांत फुगते आणि समोर आलेली वस्तू चेहऱ्यावर फेकते. चाकाबरोबर फिरणाऱ्या वायरी क्लॉक स्प्रिंगमधून खाली येतात. ती चपटी गुंडाळलेली पट्टी चुकीच्या बाजूला एक वेढा जास्त फिरली तरी तुटते, मग हॉर्नही जातो आणि एअरबॅगचा दिवाही लागतो.

घाटवाट

वायरमन काका, अगदी बरोबर, आणि हे मूळ पोस्टमध्येच ठळक असायला हवं. माझ्या पद्धतीत स्टिअरिंगला हातच लागत नाही. बटणांच्या वायरी क्लॉक स्प्रिंगमधून खाली येऊन स्टिरिओच्या मागच्या कनेक्टरपर्यंत पोचलेल्या असतात. स्टिरिओची चौकट काढायची आणि तिथेच काम करायचं. इग्निशन बंद ठेवून, स्टिरिओचा प्लग काढून मीटर फक्त त्या कनेक्टरच्या वायरींवर लावायचा. ज्या जोडीवर १०० किलोओहम दिसतात आणि बटण दाबल्यावर आकडा उडी मारतो, ती आपली.

वऱ्हाडकर

अकोल्याहून लिहितो आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्डला हात लावता येत नाही. बाजारात मिळणारी, स्टिअरिंगच्या कडेला अडकवायची ब्लूटूथ बटणं मी वापरून पाहिली. त्यात सीआर२०३२ सेल असतो आणि बहुतेक अशा सेलची कमाल मर्यादा ६० अंश. एका उन्हाळ्यात सेलही गेला आणि मागचा चिकटपट्टीचा डिंकही वितळला. तुमच्या अडॅप्टरमध्ये बॅटरी आहे का? आणि बोर्ड ही उष्णता सोसेल का?

घाटवाट

बॅटरी मुद्दामच ठेवली नाही, कारण तुम्ही सांगितलंत तेच. लिथियमचा सेल डॅशबोर्डखाली नकोच. वरूम मॉड्यूल उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालतं, त्यामुळे स्टिरिओच्या मागच्या सावलीच्या पोकळीत त्याला त्रास नाही. काचेखाली मात्र ठेवू नका.

वीज घेतली एसीसीच्या वायरीवरून, म्हणजे किल्ली फिरवली की चालू आणि काढली की बंद. गाडीची बॅटरी उतरायचा प्रश्न येत नाही. गाडीचे १२ व्होल्ट हे नावाचे १२, इंजिन चालू असताना १४च्या आसपास असतात. इथे ७८०५ हा साधा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावण्याचा मोह होतो, पण १४वरून ५वर आणताना १२० मिलिअँपला वॅटभर उष्णता नुसती जळते, आणि अकोल्यात ती परवडणार नाही. म्हणून एलएम२५९६चं बक मॉड्यूल घेतलं, ते फारशी उष्णता न जाळता व्होल्टेज उतरवतं.

त्याच्या आधी तीन गोष्टी लावल्या: १ अँपिअरचा फ्यूज, उलट जोडणीसाठी डायोड, आणि व्होल्टेजचे झटके गिळायला एसएमबीजे२४ए हा टीव्हीएस डायोड. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची जोड सुटली तर लाइनवर मोठा झटका येतो. हा डायोड त्याच्या क्षमतेतल्या झटक्याला ३९ व्होल्टच्या आत थोपवतो आणि एलएम२५९६ ४०पर्यंत चालतो, म्हणून ही जोडी जमते. हे तीन भाग वाचवून काही रुपयांचीच बचत होते. ते वगळू नका.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी लायटर सॉकेटमधल्या चांगल्या यूएसबी चार्जरवरून ५ व्होल्ट घ्यावेत. सॉकेट किल्लीबरोबर बंद होतं का ते मात्र बघा, काही गाड्यांत ते कायम चालू राहतं.

जुना_वायरमन

फ्यूज बॉक्समधून एसीसी घ्यायचं असेल तर फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून वेगळी वायर देणारा जोड) वापरा, वायर सोलून पिळू नका. आणि एअरबॅगच्या फ्यूजवर कधीही टॅप लावू नका. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी पिळलेल्या, टेप गुंडाळलेल्या जोडांच्या असतात. उन्हाने टेप सुटतो, खड्ड्यांनी तांबं सैल होतं. सोल्डर करा, वर हीट-श्रिंक चढवा आणि वायरला जवळच टाय मारा, म्हणजे थरथर जोडावर येत नाही.

रानजाई

खूप उपयोगी धागा. माझी अडचण थोडी वेगळी आहे. माझ्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे आणि स्टिअरिंगची बटणं व्यवस्थित चालतात, पण फक्त एफएम आणि सीडीसाठी. ब्लूटूथ त्यात नाही. ऑक्सवर टाकलं की आवाजाची बटणं चालतात, पुढे-मागे काहीच होत नाही. मला स्टिरिओ काढायचा नाही आणि वायर कापायचीही नाही. अशा वेळी तुमचा पुल-अप आणि स्टिरिओचा पुल-अप एकमेकांत मिसळणार नाहीत का?

घाटवाट

मिसळतील, म्हणून तुमच्या बाबतीत आपला पुल-अप लावायचाच नाही. स्टिरिओने आधीच लावलेला आहे, आपण फक्त बाजूला उभं राहून बघायचं.

आधी स्टिरिओ चालू ठेवून, काहीही न दाबता त्या वायरीवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. बहुतेक वेळा ५ किंवा ३.३ दिसतील. ५ असतील तर ते थेट ईएसपी३२ला देता येत नाहीत. मधे २२० आणि १८० किलोओहमचा विभाजक (व्होल्टेज वाटून कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लावा, ५चे २.२५ होतील. आकडे मुद्दाम मोठे घेतले आहेत. १० किलोओहमचे घेतले तर विभाजकच शिडीचा एक रेझिस्टर बनेल आणि स्टिरिओ बटणं चुकीची ओळखायला लागेल. मोठ्या आकड्यांचा आणखी एक फायदा आहे: अडॅप्टर बंद पडलं तरी त्यातून वाहणारा करंट नगण्य असतो, स्टिरिओला त्याचा पत्ताही लागत नाही.

कपॅसिटर मात्र इथे १० नॅनोफॅरडचा घ्या. १०० चा लावला तर ह्या मोठ्या रेझिस्टरांमुळे व्होल्टेज स्थिर व्हायला पन्नास मिलिसेकंद लागतात, आणि पटकन दाबलेलं बटण सुटून जाऊ शकतं.

आवाजाची बटणं तुम्ही फोनला पाठवूच नका. स्टिरिओ ती ऐकतोच आहे, दोघांनी ऐकली तर एका दाबाला आवाज दोनदा वाढेल. फोनचा आवाज वरच्या पातळीला ठेवा आणि स्टिरिओवरून कमी-जास्त करा. फक्त पुढे-मागे पाठवा. एफएम ऐकताना तीच बटणं स्टेशन बदलतील आणि फोनलाही हुकूम जाईल. ते नको असेल तर अडॅप्टरच्या विजेवर एक छोटा टॉगल स्विच बसवा.

शिकाऊ

दादा, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्रेडबोर्डवर करून बघितलं. बटणांऐवजी रेझिस्टर लावले, नेटवर मिळणारी ब्लूटूथ कीबोर्डची तयार लायब्ररी वापरली. अँड्रॉइडवर मस्त चाललं. ताईच्या आयफोनला जोडलं तर गाणी बदलतात, पण मेसेज लिहायला गेलं की स्क्रीनवरचा कीबोर्डच येत नाही! आणि एकदा आवाज आपोआप शेवटपर्यंत चढत गेला. असं का होतंय?

घाटवाट

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

कीबोर्डची लायब्ररी फोनला सांगते की "मी कीबोर्ड आहे, शिवाय माझ्यात मीडियाची बटणंही आहेत." आयफोन त्यावर विश्वास ठेवतो आणि खरा कीबोर्ड जोडला आहे असं समजून स्क्रीनवरचा लपवतो. लायब्ररीत रिपोर्ट मॅप नावाचा बाइटांचा तक्ता असतो, फोन जोडला जाताना सगळ्यात आधी तोच वाचतो. त्यातला कीबोर्डचा भाग पूर्ण काढून टाका आणि फक्त कन्झ्युमर कंट्रोलचा ठेवा. उपकरणाची ओळख सांगणारा 'अपिअरन्स'चा आकडाही कीबोर्डचा ठेवू नका. नंतर फोनमधून जुनी जोडणी विसरायला लावा आणि नव्याने जोडा. फोन हा तक्ता साठवून ठेवतात, त्यामुळे नव्याने जोडल्याशिवाय बदल दिसत नाही. लायब्ररी बदलणारच असाल तर निंबल ह्या हलक्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरवर आधारित घ्या, मेमरी बरीच कमी खाते.

आवाज चढत गेला कारण बटण दाबल्याचा संदेश गेला, सोडल्याचा गेला नाही. एचआयडीत 'दाबलं' आणि 'सोडलं' हे दोन वेगळे रिपोर्ट आहेत. ई९ पाठवल्यावर शून्याचा रिपोर्ट पाठवावाच लागतो, तोपर्यंत फोनच्या दृष्टीने बोट बटणावरच आहे. मी प्रत्येक दाबाला दोन्ही लागोपाठ पाठवतो. बटण धरून ठेवलं तर दर २०० मिलिसेकंदांनी तीच जोडी पुन्हा, आणि तीही फक्त आवाजाच्या दोन बटणांना.

आता ब्रेडबोर्डवर दिसणार नाही अशी एक गोष्ट. खऱ्या गाडीतली बटणं जुनी असतात. बोट उचलताना संपर्क एकदम सुटत नाही, रेझिस्टन्स हळूहळू वाढतो आणि व्होल्टेज ०वरून ३.२३पर्यंत चढताना मधल्या सगळ्या खिडक्यांतून, म्हणजे दोन सीमांमधल्या पट्ट्यांतून, जातो. एकाच वाचनावर भरवसा ठेवला तर 'पुढचं गाणं' सोडताना 'आवाज खाली' लागतो. म्हणून दर १० मिलिसेकंदांनी वाचायचं आणि सलग चार वाचनं एकाच खिडकीत आली तरच बटण मानायचं. एक बटण मानल्यावर, मोकळी अवस्था पुन्हा दिसेपर्यंत दुसरं कुठलंच मानायचं नाही. ह्या शेवटच्या अटीने माझ्या गाडीतल्या सगळ्या भुताटकीच्या उड्या बंद झाल्या.

शून्य ओहमच्या बटणाची आणखी एक बाब. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तेही शून्यच दिसतं, म्हणजे अडॅप्टरला वाटेल पुढचं गाणं दाबून धरलं आहे. म्हणून हुकूम फक्त दाबण्याच्या क्षणी जातो, धरून ठेवल्यावर पुन्हा जात नाही.

जुना_वायरमन

बटणांचा संपर्क मळला असेल तर शून्याच्या जागी ऐंशी-शंभर ओहमही दिसतात. ही सीमा किती सोसते?

घाटवाट

०.२१ व्होल्ट म्हणजे २.२ किलोओहमच्या पुल-अपवर साधारण १५० ओहम. तेवढं खपतं. त्यापुढे गेलं तर ते 'मागचं गाणं' वाटायला लागेल, तेव्हा संपर्क साफ करायची वेळ झाली. ते काम तुमच्यासारख्या जाणकाराकडूनच करून घ्यावं, कारण त्यासाठी पॅड उघडावं लागतं.

देशमुखी_थाट

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला मनापासून विचारायचं आहे. हल्ली बऱ्याच अँड्रॉइड स्टिरिओंना मागे की-१, की-२ नावाच्या वायरी असतात. बटणांच्या वायरी त्यांना जोडल्या, सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण शिकवलं की झालं. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर गाणी तशीही स्टिअरिंगवरून बदलतात.

घाटवाट

ज्यांना स्टिरिओ बदलायचाच आहे त्यांनी तेच करावं, माझाही सल्ला तोच असेल. की-१ आणि की-२ हीच शिडी वाचतात, फक्त वाचणारा स्टिरिओ असतो. पण ज्याचा स्टिरिओ चांगला वाजतो त्याने केवळ दोन बटणांसाठी तो का टाकून द्यावा? मूळ डॅशबोर्ड, मूळ दिवे, हाताने फिरवायची आवाजाची कळ हे सगळं जपणारे पुष्कळ आहेत. अडॅप्टर उद्या काढून टाकलं तर गाडी होती तशीच राहते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्ण साहित्य हजार रुपयांच्या आत बसलं.

रानजाई

घाटवाट यांच्याशी सहमत. माझ्या वडिलांनी घेतलेली गाडी आहे, तिच्यात मला टॅबलेट चिकटवल्यासारखा स्क्रीन नको आहे.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत जुनी फोक्सवॅगन आहे, तिच्यात ही रेझिस्टरची शिडी स्टिरिओच्या मागे सापडणारच नाही. ह्या गटाच्या अनेक गाड्यांत बटणं लिन बसवर, म्हणजे संदेश नेणाऱ्या एका वायरीवर, बोलतात, स्टिअरिंग कॉलममधलं मॉड्यूल ते ऐकतं आणि पुढे कॅन बसवर टाकतं. भारतातल्या स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी मीटर लावून रेझिस्टन्स शोधत बसू नये म्हणून लिहितो.

कॅन म्हणजे बॉशने १९८६ साली जाहीर केलेली पद्धत. दोन पिळलेल्या वायरी, त्यावर सगळी मॉड्यूल्स आळीपाळीने बोलतात. ईएसपी३२च्या आत कॅनचा कंट्रोलर आहेच, त्याला टीडब्ल्यूएआय म्हणतात. बाहेरून फक्त एसएन६५एचव्हीडी२३० हा कंट्रोलरला बसच्या वायरींशी जोडणारा ३.३ व्होल्टचा ट्रान्सीव्हर लावायचा. मी स्टिरिओमागच्या कॅनच्या वायरींवरून ऐकतो आणि बटणाचा संदेश दिसला की ब्लूटूथवरून फोनला पाठवतो. पुढचं सगळं घाटवाट यांच्यासारखंच.

दोन पथ्यं पाळायलाच हवीत. पहिलं, कंट्रोलर 'फक्त ऐकणे' ह्या अवस्थेतच सुरू करा. वेग चुकीचा असताना नेहमीच्या अवस्थेत सुरू केला तर तो एरर फ्रेम (चूक झाल्याचे संदेश) टाकायला लागतो आणि संपूर्ण बस विस्कळीत होते. डॅशबोर्डवर दिवे लागू शकतात. माझ्या गाडीत ह्या बसचा वेग १०० केबीपीएस आहे, पण कित्येक गाड्यांत १२५ किंवा ५०० असतो. दुसरं पथ्य नेहमीच्या वेगवान कॅनसाठी: बाजारातल्या ट्रान्सीव्हरच्या पट्टीवर १२० ओहमचा रेझिस्टर बसवलेला येतो, तो काढा. अशा बसच्या दोन टोकांना आधीच १२०-१२० असतात, म्हणून बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० दिसतात. तिसरा जोडला की ४० होतात.

वऱ्हाडकर

कॅन असेल तर ओबीडीच्या, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतो त्या, सॉकेटमधून ऐकता येईल ना? तिथे पिन ६ आणि १४ कॅनच्याच असतात. वायर सोलायचं कामच नको.

श्टुटगार्टकर

काही गाड्यांत येईल. पण पुष्कळ नव्या गाड्यांत ओबीडी आणि आतल्या बस यांच्यामध्ये गेटवे असतो. तो विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं बाहेर पाठवतो, बटणांची गडबड तिथे ऐकू येत नाही. शिवाय ओबीडीच्या पिन १६वर कायमचे १२ व्होल्ट असतात. तिथून वीज घेतली तर गाडी उभी असतानाही अडॅप्टर जागं राहील आणि सुट्टीवरून परत याल तेव्हा बॅटरी बसलेली असेल.

शिकाऊ

आयफोनचं काम झालं! कीबोर्डचा भाग काढला, जोडणी विसरायला लावून पुन्हा जोडलं. ताईने मेसेजही लिहून दाखवला. दादा, अजून एक विचारतो. घरी गाडी एकच आणि फोन तीन. बाबांचा फोन आधी जोडला गेला की ताईचा जोडलाच जात नाही. एकाच वेळी सगळ्यांना जोडता येईल का?

रानजाई

हाच प्रश्न माझाही आहे. माझं अडॅप्टर परवा बसवलं, २२० आणि १८० च्या विभाजकाने स्टिरिओला काहीही फरक पडला नाही. मोकळ्या वायरीवर बरोबर ५ व्होल्ट होते. नाशिकला जाताना कसारा घाटात पहिल्यांदा फोनला हात न लावता गाणी बदलली, फार बरं वाटलं. पण अहो शेजारी बसले की त्यांचा फोन जोडला जातो आणि माझ्या गाण्यांना बटणं लागू होत नाहीत.

घाटवाट

रानजाई, वाचून खूप आनंद झाला.

एकाच वेळी अनेक फोन जोडणं तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण मग एका बटणाने सगळ्यांचीच गाणी पुढे सरकतील. त्यापेक्षा खण करा, म्हणजे प्रत्येक फोनसाठी वेगळी जागा. बाजारात तीन उपकरणांना जोडता येणारे कीबोर्ड मिळतात, त्यांचा अनुभव असाच असतो. प्रत्येक खणाला वेगळा ब्लूटूथ पत्ता द्यायचा, म्हणजे फोनांना ती दोन-तीन वेगवेगळी उपकरणं दिसतात: 'गाडी १', 'गाडी २'. ताईचा फोन फक्त पहिल्याशी जोडायचा, बाबांचा फक्त दुसऱ्याशी. अडॅप्टर एका वेळी एकाच पत्त्याने हाक मारतं, त्यामुळे दुसरा फोन मधे येत नाही. असे पत्ते 'रँडम स्टॅटिक' प्रकारचे घ्या. त्यांच्या सगळ्यात वरच्या बाइटचे पहिले दोन बिट १ असावे लागतात, म्हणजे पत्ता सी, डी, ई किंवा एफ ह्या अक्षराने सुरू होतो. ते न पाळल्यास पत्ता स्वीकारलाच जात नाही.

चालू खणाचा क्रमांक ईएसपी३२च्या कायमच्या मेमरीत ठेवा, म्हणजे किल्ली काढून पुन्हा लावली तरी शेवटचा फोनच जोडला जाईल. खण बदलायला मी एयू२वरचं मोडचं बटण तीन सेकंद धरून ठेवतो. प्रोग्रॅम क्रमांक पुढे सरकवतो, मेमरीत लिहितो आणि बोर्ड रीस्टार्ट करतो. चालू असताना पत्ता बदलण्यापेक्षा हे सोपं आणि खात्रीचं आहे, काही क्षणांतच दुसरा फोन जोडला जातो.

रानजाई

माझ्याकडे मोडचं बटण दाबलं की स्टिरिओ ऑक्सवरून एफएमवर जाईल. दुसरा काही मार्ग?

घाटवाट

मग बटणाला हात लावू नका. अडॅप्टरच्या विजेसाठी जो टॉगल स्विच लावला आहे त्याच्या शेजारी एक साधं पुश बटण बसवा, एक टोक ग्राउंडला आणि दुसरं जीपीआयओ २७ला. ह्या पिनला आतून पुल-अप मिळतो, बाहेरचा रेझिस्टर लागत नाही. २५ला एक एलईडी ३३० ओहममधून जोडा आणि सुरू होताना खणाच्या क्रमांकाइतक्या वेळा लुकलुकवा. एकदा लुकलुकला तर तुमचा फोन, दोनदा लुकलुकला तर त्यांचा. गाडी सुरू करतानाच दिसेल आणि निघण्याआधीच बदलता येईल.